बाखची मॅथ्यू पॅशन: वेगवेगळी ध्वनिमुद्रणं कशी ताडून पाहावीत

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याची 'सेंट मॅथ्यू पॅशन', म्हणजे येशूच्या यातनांची आणि मृत्यूची कथा गाऊन सांगणारी मोठी कृती, ऐकावी असं मनात येऊन कुणी यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर शोध घेतला, की नावांची रांगच लागते. एक ध्वनिमुद्रण 1939 सालचं, दुसरं अगदी अलीकडचं. एकात भलामोठा कॉयर, म्हणजे समूहगायकांचा ताफा, तर दुसऱ्यात मोजकी माणसं. एक साडेतीन तासांहून लांब, दुसरं पावणेतीन तासांच्या आत संपणारं. शब्द तेच, स्वरलिपीही तीच. मग नवा श्रोता 'सर्वोत्तम ध्वनिमुद्रणं' अशी एखादी यादी उघडतो, पहिलं नाव लावतो, अर्ध्या तासात कंटाळतो आणि हे संगीत आपल्यासाठी नाही असं ठरवून मोकळा होतो.

इतक्या घाईने असं ठरवायची गरज नाही. तीन तासांची कृती पहिल्यांदाच सलग ऐकून तिची दुसऱ्या सलग तीन तासांशी तुलना करणं मुरलेल्या श्रोत्यालाही जड जातं. मी नव्या माणसाला वेगळा रस्ता सांगतो. कथा आधी वाचा, तिच्यातल्या चार-पाच जागा निवडा, पाच-सहा ध्वनिमुद्रणं घ्या आणि प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारा: इथे जे शब्द आहेत, त्यांचं या मंडळींनी काय केलं? वेग, वाद्यं, गायकांची संख्या, आवाजाची जात या सगळ्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्या तोलायच्या याच प्रश्नावर.

पहिली पायरी: कथा मराठीतून वाचा

मराठी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे 26 आणि 27 हे दोन अध्याय वाचायला अर्धा तास पुरतो. बाखने हेच दोन अध्याय मार्टिन ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातून घेतले आहेत. शेवटचं भोजन, गेथशेमाने बागेतली प्रार्थना, यहूदाचा दगा, पेत्राचा नकार, पिलातापुढची चौकशी, वधस्तंभ आणि दफन, एवढा हा भाग. मराठीला ही कथा नवी नाही. गोव्यात साष्टीतल्या रायतूरला 1616 साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'त ती ओवीबद्ध आली आहे, म्हणजे बाखच्या या पॅशनच्या आधी शंभराहून जास्त वर्षं. ज्यांना जुनी मराठी वाचायची गोडी आहे त्यांनी त्यातला हा भाग जरूर काढून पाहावा. श्रद्धा असो वा नसो, कथा ठाऊक असल्याशिवाय या संगीतातलं निम्मं हरवतं.

रचना समजायला आपल्याकडच्या कीर्तनाचा आधार घेता येतो. एक टेनर (उंच पुरुषी आवाजाचा) गायक, एव्हँजेलिस्ट म्हणजे शुभवर्तमानाचा निवेदक, बुवांसारखा आख्यान लावून धरतो. बायबलमधलं निवेदन तो बोलल्यासारखं गातो, त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. येशू, पेत्र, पिलात आपापली वाक्यं गातात, जमावाची वाक्यं कॉयर गातो. मधेच कथा थांबते आणि एखादा गायक त्या प्रसंगावर मनन करणारी आरिया गातो. या आरियांचे शब्द बायबलमधले नाहीत. ते लाइपझिगच्या पिकांडर या टोपणनावाच्या कवीने लिहिले. आणि अधूनमधून येतात कोराल, म्हणजे तिथल्या मंडळींना लहानपणापासून पाठ असलेली भक्तिपदं. त्यातली एक चाल पाच वेळा परत येते, दर वेळी वेगळ्या रंगात.

ही पॅशन पहिल्यांदा गायली गेली ती 1727 च्या गुड फ्रायडेला, लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये, दुपारनंतरच्या उपासनेत. दोन भागांच्या मध्ये प्रवचन असायचं. तिकीट नव्हतं, टाळ्या नव्हत्या. पुढे बाखने ती सुधारली आणि 1736 साली चर्चमधले दोन्ही ऑर्गन वापरून सादर केली. दोन कॉयर, दोन वाद्यवृंद अशी तिची मांडणी आहे, आणि ऐकताना हे दोन गट डावी-उजवीकडे वेगळे ओळखू यायला हवेत.

दुसरी पायरी: कोणती ध्वनिमुद्रणं घ्यायची

सुरुवातीला एकाच जातीची चार घेऊ नका. फरक ठळक असले तरच नवे कान ते पकडतात. म्हणून वेगवेगळ्या काळांतली, वेगवेगळ्या विचारांची घ्यावीत.

बाखनंतर ही पॅशन जवळजवळ विस्मरणात गेली होती. 11 मार्च 1829 रोजी वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सननं बर्लिनमध्ये ती काटछाट करून, दीडशेच्या आसपास गायकांच्या कॉयरसह पुन्हा उभी केली. मोठा कॉयर, मोठा वाद्यवृंद, गंभीर चाल, ही तेव्हापासून पडलेली रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. तिचं टोक ऐकायचं तर संचालक (कंडक्टर) विलेम मेंगेलबर्ग आणि आम्स्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाव वाद्यवृंद यांचं 2 एप्रिल 1939 चं, पाम संडेचं (ईस्टरच्या आधीच्या रविवारचं) ध्वनिमुद्रण आहे. आवाज जुना, खरखर आहे, कित्येक आरिया गाळल्या आहेत, चाल मनाला येईल तशी लांबते आणि आखडते. पण तो प्रत्यक्ष मैफलीतला कार्यक्रम आहे, आणि पाच महिन्यांनी युरोपात महायुद्ध पेटणार आहे हे माहीत असताना तो ऐकणं ही वेगळीच गोष्ट होऊन बसते. पहिल्या दिवशी मात्र हे लावू नका.

त्याच परंपरेतलं पण स्पष्ट आवाजातलं हवं असेल तर ओटो क्लेम्पेररचं 1960-61 मधलं लंडनचं ध्वनिमुद्रण घ्या. पीटर पेअर्स एव्हँजेलिस्ट, दीट्रिश फिशर-डीस्काऊ येशू, शिवाय एलिझाबेथ श्वार्त्सकॉप्फ, क्रिस्टा लुडविग, निकोलाय गेडा, वॉल्टर बेरी. एवढे गायक एका ठिकाणी जमणं आज अवघड आहे. त्याला लागून कार्ल रिश्टरचं 1958 चं म्युनिकचं. इथेही वाद्यं आधुनिकच आहेत, पण चालीत ताण आहे, आणि एर्न्स्ट हेफ्लिगर हा एव्हँजेलिस्ट कथा अशी सांगतो की जर्मन न समजताही प्रसंग डोळ्यांपुढे येतो.

1970 साली निकोलाऊस आर्नोनकूरने व्हिएन्नात वेगळंच पाऊल टाकलं. बाखच्या काळातली वाद्यं, आतड्याच्या तारा, लाकडी बासऱ्या, आणि गायक फक्त पुरुष व मुलगे. कारण बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चच्या संगीतात बायकांना गायची मुभा नव्हती. सोप्रानोच्या, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या, आरिया तिथे एक मुलगा गातो. या वाटेवर पुढे गुस्ताव्ह लेओनहार्ट (1989), जॉन एलियट गार्डिनर (1988), फिलिप हेरेवेख (1998 चं दुसरं ध्वनिमुद्रण), मासाआकी सुझुकी (1999 आणि पुन्हा 2019) असे अनेक जण आले.

तिसरा विचार अमेरिकन संगीतज्ञ जोशुआ रिफ्किनने 1981 साली मांडला: बाखच्या कॉयरमध्ये प्रत्येक स्वरभागाला (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) एकच गायक होता. यावर आजही हमरीतुमरीने वाद होतात. 1730 साली बाखने लाइपझिगच्या नगर परिषदेला दिलेल्या निवेदनात एका कॉयरला किमान बारा आणि शक्यतो सोळा गायक हवेत असं लिहिलं आहे, त्यामुळे विरोधकांच्या हातीही भक्कम कागद आहे. पण कानाने ठरवायचं असेल तर पॉल मॅकक्रीशचं डेन्मार्कच्या रोस्किल्ड कॅथेड्रलमधलं ध्वनिमुद्रण ऐका. तिथे मार्क पॅडमोर एव्हँजेलिस्टही गातो, कॉयरमध्येही गातो आणि आरियाही गातो. कथा सांगणारा माणूसच जमावात मिसळून 'त्याला वधस्तंभावर खिळा' असं ओरडतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

सुरुवातीला माझ्या मते ही पाच पुरेत: क्लेम्पेरर, रिश्टर 1958, गार्डिनर 1988, हेरेवेख 1998 आणि मॅकक्रीश. आर्नोनकूरचं 1970 चं एका विशिष्ट जागेसाठी जवळ ठेवा, ती जागा पुढे येईल.

शोधताना घ्यायची काळजी

हा भाग कोरडा आहे पण यातच बहुतेक जण अडकतात. आर्नोनकूर, हेरेवेख, गार्डिनर, सुझुकी, रिश्टर या सगळ्यांनी ही पॅशन एकाहून अधिक वेळा ध्वनिमुद्रित केली आहे. त्यामुळे केवळ संचालकाचं नाव पुरत नाही. साल आणि एव्हँजेलिस्ट गाणाऱ्याचं नाव दोन्ही ताडून घ्या. कृतीचा क्रमांक बीडब्ल्यूव्ही 244 (बीडब्ल्यूव्ही ही बाखच्या कृतींची सूची), तो टाकला की शोध नीट लागतो. अ‍ॅपल म्युझिक क्लासिकलमध्ये एका कृतीची सगळी ध्वनिमुद्रणं एकत्र दिसतात, ते तुलनेला सोयीचं पडतं.

आतल्या तुकड्यांना दोन पद्धतींनी क्रमांक दिलेले असतात, जुन्या पद्धतीत 78 आणि नव्या पद्धतीत 68. म्हणून क्रमांकावर विसंबू नका, जर्मन सुरुवातीचे शब्द शोधा. ॲपमधली गाणी आपोआप पुढेमागे करणारी 'शफल'ची सोय बंद ठेवा. आणि आवाजाची पातळी प्रत्येक ध्वनिमुद्रणाला हाताने सारखी करा. जे थोडं मोठ्याने वाजतं ते पहिल्या झटक्यात सरस वाटतं, हा कानाचा जुना खोडसाळपणा आहे. फोनच्या स्पीकरवर दोन कॉयरमधलं अंतर कळत नाही. साधे का होईना, हेडफोन लावा.

पैसे खर्च न करता सुरुवात करायची असेल तर नेदरलँड्स बाख सोसायटीचा 'ऑल ऑफ बाख' हा उपक्रम आहे. बाखच्या कृतींची उत्तम चित्रणं त्यांनी मोफत ठेवली आहेत, त्यात मॅथ्यू पॅशनही आहे. गाणाऱ्याचा चेहरा आणि वाजवणाऱ्याचे हात दिसतात, नव्या माणसाला त्याचा फार फायदा होतो. कोणतं वाद्य कोणता आवाज काढतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे नुसत्या कानांनी ओळखता येतं.

तिसरी पायरी: सुरुवातीचं कोरस (समूहगान)

'कोम्ट, ईर ट्योश्टर, हेल्फ्ट मीर क्लागेन.' या, मुलींनो, माझ्यासोबत शोक करा. पहिला कॉयर म्हणतो, पाहा! दुसरा विचारतो, कोणाला? पहिला: त्या वराला. पुन्हा, पाहा त्याला! दुसरा: कसा? पहिला: एखाद्या कोकरासारखा. खाली बास, म्हणजे सर्वांत खालची स्वररेषा, एकाच स्वरावर पावलं टाकत राहतो, आणि या दोन्ही कॉयरच्या वर, तिसऱ्याच ठिकाणाहून, मुलांचे आवाज एक जुनं कोराल गायला लागतात: 'हे देवाच्या निष्पाप कोकरा'. खाली शोकाची मायनर स्वरपट्टी, वर उजळ मेजर स्वरपट्टी.

इथे तीन गोष्टी ऐका. पहिली, वेग. क्लेम्पेररला हे कोरस संपवायला अकरा मिनिटांहून जास्त लागतात, गार्डिनरला सात मिनिटांच्या आसपास. क्लेम्पेररमध्ये ती एक प्रचंड, जड अंत्ययात्रा आहे, प्रत्येक पाऊल जमिनीतून उपसून काढल्यासारखं. गार्डिनरमध्ये त्याच तालाला झोका आहे आणि लोक घाबरून, घाईने कुठेतरी निघाले आहेत असं वाटतं. दुसरी गोष्ट, प्रश्न. दुसऱ्या कॉयरचं 'वेन?' हे खरंच कुणीतरी विचारल्यासारखं येतं का, की मोठ्या आवाजाच्या लाटेत बुडून जातं? मॅकक्रीशकडे ते एका माणसाने दुसऱ्याला विचारल्यासारखं येतं. रिश्टरकडे अख्खा जमाव विचारतो. दोन्हीला अर्थ आहे. तिसरी गोष्ट, वरचं कोराल. काही ठिकाणी ते स्पष्ट तरंगतं, काही ठिकाणी शोधावं लागतं. हेरेवेखकडे ते बाकीच्या आवाजांत इतकं मुरलेलं आहे की पहिल्या वेळी मी ते शोधायला सांगतो, दुसऱ्या वेळी नुसतं त्याच्याबरोबर जायला.

एवढ्या एका तुकड्यासाठी एक संध्याकाळ द्या. पाचही सलग ऐका आणि थांबा.

चौथी पायरी: पेत्र रडतो तिथे

सबंध पॅशनमधली ही जागा मला सर्वांत जवळची, आणि तुलनेसाठी हिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. पेत्राने तीनदा येशूला नाकारलं, कोंबडा आरवला, आणि येशूचं बोलणं त्याला आठवलं. एव्हँजेलिस्ट आतापर्यंत पटापट सांगत आलेला असतो. 'आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला' या वाक्याशी आल्यावर बाख त्याच्या 'व्हाइनेटे' या शब्दाला लांब, वळणावळणाची स्वरांची ओढ देतो. निवेदकाचा तोल इथे सुटायला लागतो. रेसिटेटिव्हमध्ये कथा सांगणारा स्वतःच रडायच्या बेतात येतो, हे बाखचं धाडस आहे.

आता हे एवढंच वाक्य, अर्ध्या-पाऊण मिनिटाचं, पाच जणांकडून ऐका. हेफ्लिगरकडे वेदना उघड आहे. पेअर्स शब्द काळजीपूर्वक हाताळतो, त्याचा आवाज पातळ आणि थरथरता, काहींना तो आवडत नाही. मला या एका वाक्यात तो फार खरा वाटतो. गार्डिनरचा एव्हँजेलिस्ट अँथनी रोल्फ जॉन्सन आवाज इतका खाली आणतो की आपण पुढे सरकून ऐकतो. हेरेवेखकडे इयन बॉस्ट्रिज आहे, तो प्रत्येक अक्षर स्वतंत्र रंगवतो. पॅडमोर जवळजवळ बोलतोच. कोणी गाणं सोडून रडण्याचा आव आणला का, हेही पाहा. आव आणला की वाक्याची ताकद निघून जाते, असं माझं पक्कं मत आहे.

त्याच्या लगेच पुढे 'एर्बार्मे दिश' ही आल्टो (सोप्रानोच्या खालच्या आवाजाची) आरिया येते. 'माझ्या अश्रूंकडे पाहून माझ्यावर दया कर.' एक व्हायोलिन आधी एकटंच सगळी चाल मांडतं, मग गायक येतो. व्हायोलिनची पहिली उडी खालून वर, सहाव्या स्वराच्या अंतराची, आणि ती उडी साधी नाही. वरचा स्वर गाठताना अधल्यामधल्या स्वरांना स्पर्श करत घसरत जायचं असतं. शास्त्रीय गाण्यातली मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना हे लगेच भिडेल. या पहिल्या दोन-तीन सेकंदांतच दोन ध्वनिमुद्रणांमधला फरक कळायला लागतो. जुन्या, आधुनिक वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन सतत कंप घेत, रुंद आणि पाझरता आवाज काढतं. आतड्याच्या तारांवर तो आवाज कोरडा आणि मोकळा असतो, कंप अलंकारापुरता येतो, त्यामुळे उडीचा ताण अधिक उघडा पडतो.

सूरही वेगळा असतो. आजचा वाद्यवृंद वरचा 'ला' साधारण 440 कंपनांना लावतो, तर बरोक, म्हणजे बाखच्या काळातल्या, वाद्यांचे बहुतेक संच 415 ला, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीने खाली. दोन्ही पाठोपाठ ऐकली की दुसऱ्यात आवाज एकदम उतरल्यासारखा, गडद वाटतो. हा चुकून झालेला बिघाड नव्हे, हे ठाऊक असलेलं बरं.

मग गायक. क्लेम्पेररकडे क्रिस्टा लुडविग: मोठा, मखमली, बाईचा आवाज, आणि दुःखाला एक प्रौढपणा. गार्डिनरकडे मायकेल चान्स आणि हेरेवेखकडे आंद्रेआस शॉल, दोघेही काउंटरटेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष. शॉलचा आवाज इतका नितळ आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पुरुषाचा वाटतच नाही. चान्सच्या आवाजात किंचित कडा आहे, म्हणून विनवणी जास्त माणसाची वाटते. मॅकक्रीशकडे माग्दालेना कोझेना. इथे कुणी वरचढ असं ठरवायच्या फंदात पडू नका. पाचही वेळा एकच वहीत लिहा: हा माणूस पेत्र आहे, की पेत्राकडे पाहून स्वतःसाठी दया मागणारा आपल्यातला कुणी? आल्टोच्या आवाजात गायल्यामुळे बाखने हे मोकळं सोडलं आहे. शॉल ऐकताना मला दुसरा अर्थ लागतो, चान्स ऐकताना पहिला.

पाचवी पायरी: जमाव, आणि त्याच्या मधोमध एक बासरी

पिलात विचारतो, दोघांपैकी कुणाला सोडू? जमाव एकच शब्द ओरडतो: 'बाराब्बाम!' बरब्बाला. दोन्ही कॉयर मिळून एक बेसूर वाटावा असा स्वरसंघ. त्याची लांबी किती, सुरुवात किती तीक्ष्ण, आणि नंतरची शांतता किती, हे तीनही सेकंद ऐकण्यासारखे. मग 'लास ईन क्रॉइत्सिगेन', त्याला वधस्तंभावर खिळा. पिलात पुन्हा विचारतो, का, त्याने काय वाईट केलं? आणि जमावाने उत्तर देण्याआधी बाख कथा थांबवतो. एक सोप्रानो सांगते की त्याने आपणा सर्वांचं भलंच केलं, आणि मग 'आउस लीबे', प्रेमाखातर माझा तारणारा मरायला निघाला आहे, ही आरिया गाते.

या आरियेत खालचा बास नाही. चेलो नाही, ऑर्गन नाही. एक बासरी, दोन ओबो दा काचा (शब्दशः शिकारीचा ओबो), म्हणजे ओबो या फुंकवाद्याचे खालच्या सुराचे भाऊबंद, आणि गाणारी. बरोक संगीतात बास काढून घेणं म्हणजे पायाखालची जमीन काढणं, आणि इथे तेच अभिप्रेत आहे. आरिया संपताच जमाव पुन्हा तेच वाक्य ओरडतो, पण आधीपेक्षा एक पूर्ण स्वर वर. म्हणून या जागेची तुलना करताना आरिया एकटी ऐकू नका. पहिल्या ओरडण्यापासून दुसऱ्या ओरडण्यापर्यंत सलग ऐका.

आर्नोनकूरचं 1970 चं ध्वनिमुद्रण इथे काढा. एक मुलगा ही आरिया गातो. श्वास कमी पडतो, सूर कुठे कुठे हलतो. पण 'प्रेमाखातर' हे शब्द एका लहान मुलाच्या तोंडून येतात आणि पाठोपाठ मोठ्यांचा जमाव भडकतो, तेव्हा जे होतं ते श्वार्त्सकॉप्फच्या घडीव आवाजाने होत नाही. तिथे वेगळं काही होतं: प्रत्येक स्वर जपून, तोलून ठेवलेला, जणू ती गाणारी हे सगळं आधीपासून जाणते. दोन्ही ऐकून झाल्यावर गार्डिनरकडे या. त्याच्याकडे जमावाची दुसरी आरोळी इतकी झपाट्याने येते की आरियेची शांतता तुटल्याचा आवाज ऐकू यावा.

दोन छोट्या जागा

येशू जेव्हा जेव्हा बोलतो, त्याच्या शब्दांभोवती तंतुवाद्यांचे लांब स्वर असतात, चित्रांत संतांच्या मस्तकामागे असतं तसं प्रभावलय म्हणून ते ओळखले जातात. 'एली, एली' या शेवटच्या हाकेला ते वलय नाहीसं होतं. इथे संचालकाला फारसं काही करायचं नसतं, त्यामुळे ज्याने काही केलं नाही तो मला आवडतो.

दुसरी जागा 'हा खरोखर देवाचा पुत्र होता' हे शताधिपतीचं आणि पहारेकऱ्यांचं वाक्य. भूकंपाच्या गोंगाटानंतर येणारं, बहुतेक ठिकाणी अर्ध्या मिनिटाच्या आसपासचं. क्लेम्पेरर त्याला मंदिरासारखं उभारतो. मॅकक्रीशकडे काही सैनिक एकमेकांकडे बघून पुटपुटतात. हेरेवेखकडे आवाज हळूच फुगतो आणि हळूच ओसरतो. या एका वाक्यासाठी ध्वनिमुद्रण विकत घेणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यात मला काही वेडेपणा दिसत नाही.

वही आणि मग सलग ऐकणं

टिपणं ठेवा, पण मार्क देऊ नका. दहापैकी आठ, दहापैकी नऊ असं लिहिलं की महिन्याभराने त्यातून काहीच उलगडत नाही. असं लिहावं: 'हेरेवेख, एर्बार्मे दिश: व्हायोलिन फारसं पुढे येत नाही, आवाज आणि व्हायोलिन एकाच पातळीवर. शेवटी दुःखापेक्षा शांतता जास्त.' किंवा: 'रिश्टर, बाराब्बाम: भिंतीवर आदळल्यासारखं.' असं टिपण वर्षाने वाचलं तरी आवाज कानात येतो, आणि मत बदललं असेल तर ते कुठे बदललं हेही दिसतं.

या जागा ओळखीच्या झाल्या की मग एक ध्वनिमुद्रण सलग ऐका. दोन बैठकांत ऐकलं तरी चालेल, बाखच्या काळीही मधे प्रवचन होतंच. हातात मूळ शब्द आणि भाषांतर ठेवा. जर्मन आणि इंग्रजी शेजारी-शेजारी दिलेली पानं नेटवर मोफत मिळतात. पहिल्या सलग ऐकण्यासाठी मी हेरेवेख 1998 सुचवीन. त्यात कुणी आरडाओरडा करत नाही, गायक एकजात उत्तम आहेत, आणि तीन तासांत कान थकत नाहीत. कथेतली नाट्यमयता ज्यांना ओढते त्यांनी गार्डिनर घ्यावं. लेओनहार्टचं दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी ऐकावं: तो काहीही ठसवून सांगत नाही, गायक-वादकांना आपापलं काम करू देतो, आणि ज्याला कृती आधीच ठाऊक आहे त्यालाच त्यातलं ऐश्वर्य सापडतं.

सुझुकीबद्दल बोलणं मुद्दाम राखून ठेवलं होतं. जपानमधल्या कोबेच्या एका चॅपलमध्ये मुख्यतः जपानी कॉयरने आणि वादकांनी उभं केलेलं हे बाख युरोपातल्या कुठल्याही संचाच्या बरोबरीचं मानलं जातं. बाख कळायला त्याच मातीत जन्मावं लागतं, असं आपल्याकडे कुणी म्हणालं तर त्यांना हे ऐकवावं. त्याचं 1999 चं आणि 2019 चं शेजारी ठेवून एकाच माणसाने वीस वर्षांत काय बदललं हे शोधणं हा या सगळ्या अभ्यासातला पुढचा, फार आनंदाचा टप्पा आहे.

क्लेम्पेरर मी वर्षातून एकदाच, गुड फ्रायडेच्या आठवड्यात लावतो. त्याच्या वेगाची सवय रोजच्या धावपळीत राहत नाही, आणि तो वेग अंगात भिनायला पहिली वीस मिनिटं द्यावी लागतात.

यानंतर 1724 ची 'सेंट जॉन पॅशन' घ्या. ती लहान आहे, जास्त तीव्र आहे, आणि याच मंडळींपैकी अनेकांनी ती ध्वनिमुद्रित केली आहे. तिचंही सुरुवातीचं कोरस आणि पेत्राचं रडणं या दोन जागांपासूनच सुरू करा; रडण्याचं ते वाक्य तिथे बाखने आणखी लांब, आणखी अवघड लिहिलं आहे.